सैल झाकणं

फोन वाजला म्हणून वहिनी बाहेरच्या खोलीत गेल्या आणि कॉफीच्या नव्या बरणीचं झाकण सैल करायचं राहून गेलं. पुढे जे महाभारत घडलं त्याचं मूळ एवढंच.

फोनवर वृत्तपत्राच्या क्रीडा पानाचा वार्ताहर होता. हा माणूस वर्षानुवर्षं बॉक्सिंगच्या कोणत्या लढतीत कोण जिंकणार याची भाकितं छापायचा आणि ती चुकली की दुसऱ्या दिवशी ‘अनपेक्षित निकाल’ असा मथळा देऊन मोकळा व्हायचा.

“वहिनी, एकच प्रश्न. चॅम्पियन या वेळी जिंकणार की नाही?”

“तीन आठवड्यांनी लढत आहे. तेव्हा कळेलच की.”

“तेव्हा काय, शेंबड्या पोरालाही कळेल. आम्हाला आधी छापायचं असतं. घरच्या माणसाचं मत म्हणून विचारतोय. एकीकडे चॅम्पियन चाळिशी ओलांडलेला, दुसरीकडे समोरचा पंचविशीच्याही आतला. लोकांची झोप उडालीय.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धप्प असा आवाज आला. आपण काय विसरलो ते त्यांना त्या आवाजावरूनच कळलं.

आत चॅम्पियन ओट्यापाशी उभा होता. मोठ्या खेळाडूंना लोक एकेरीतच संबोधतात, म्हणून आपणही त्याला ‘तो’च म्हणू, घरात मात्र वहिनी त्याला अहो-जाहो करत. त्याच्या हातात बरणी होती, बरणीवर पंचा गुंडाळलेला होता आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या होत्या. ओट्याच्या कडेवर आपटून झालं होतं, गरम पाण्याखाली धरून झालं होतं. झाकण जागचं हलत नव्हतं.

“द्या बरं इकडे,” वहिनी म्हणाल्या.

“मी उघडतोय ना.”

“कंपनीनं झाकणं बदलली असतील.”

“मी उघडतोय म्हटलं ना.”

पुढच्या खेपेला बरणी उघडली, पण झाकणाकडून नाही, मधून. काच उजव्या तळव्यात शिरली, कॉफी जमिनीवर सांडली आणि तिच्यावर रक्त ठिबकू लागलं. चॅम्पियन हाताकडे बघायच्या ऐवजी काचेच्या तुकड्यांत अखंड उभ्या राहिलेल्या त्या झाकणाकडे बघत होता. नंतर त्याने वहिनींकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते वहिनींना समजलं नाही, आणि त्यांनी समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. त्या कापूस शोधायला धावल्या. तळव्याला टाके पडले.

आता या झाकणांबद्दल सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी अशीच एक बरणी चॅम्पियनला उघडता आली नव्हती, आणि त्यानंतर दोन दिवस तो गॅलरीत स्वतःचे तळहात न्याहाळत बसून होता. तेव्हापासून वहिनी प्रत्येक नवी बरणी सकाळी लवकर उठून पकडीने उघडत, पुन्हा हलकेच लावत आणि नाश्त्याच्या वेळी म्हणत, “अहो, एवढं उघडून द्या ना, माझ्याच्यानं होत नाही.” चॅम्पियन दोन बोटांनी झाकण फिरवून बरणी परत करत असे. मग हा उद्योग वाढत गेला. सरावाच्या चड्ड्यांचं इलॅस्टिक दरवर्षी उसवून वाढवलं जाई, मापाचा आकडा लिहिलेली पट्टी मात्र जुनीच शिवली जाई. वजनकाट्याखालचा स्क्रू वहिनींनी नको तेवढा ओळखीचा करून घेतला होता. एवढंच काय, चॅम्पियन सकाळी धावून परत यायच्या सुमाराला भिंतीवरचं घड्याळही थोडं मागे सरकत असे. हे सगळं प्रेमापोटी चाललं होतं. माणसं प्रेमापोटी जेवढं वाटोळं करतात तेवढं वैर करूनही होत नाही, पण हे सांगणार कोण.

कारण खरी गोष्ट अशी होती की चॅम्पियनने आता थांबावं म्हणून वहिनींचा जीव तुटत होता. घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडू लागल्या होत्या. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला चॅम्पियनने एका संध्याकाळी “आपण कोण?” असं विचारलं होतं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो दिव्यासमोर धरून दोघांना स्पष्ट सांगितलं होतं, “अजून एकदा डोक्यावर जोराचा मार बसला, तर यांना घास भरवायची तयारी ठेवा.” घरी येताना वहिनींनी रस्त्यातच विषय काढला.

“आता बास करा.”

“जिंकत असताना कसं थांबणार?” चॅम्पियन म्हणाला. “हरलो की थांबतो. शब्द देतो.”

पुढची लढत ठरली ती अशी, की जो जिंकेल त्याने तीन महिन्यांनी हातोड्याशी लढायचं. हातोडा म्हणजे परदेशातला एक राक्षस. त्याचे याआधीचे दोन्ही प्रतिस्पर्धी अजून स्ट्रॉने सूप पीत होते. म्हणजे वहिनींसमोर हिशेब सरळ होता: नवरा हरला तर घरी राहील, जिंकला तर हातोड्याच्या हाताखाली जाईल. आणि या लढतीसाठी तीन प्रतिस्पर्ध्यांमधून एकाला निवडायचं होतं, तेव्हा चॅम्पियनने स्वतः शिडीचं नाव घेतलं. शिडी म्हणजे एक उंच, लांब हातांचा तरुण. वर्षभरापूर्वी तो चॅम्पियनचीच जिम सोडून गेला होता. सोडून गेलेल्याला धडा शिकवायचाय म्हणून चॅम्पियनने त्याला निवडलं, असं सगळे समजले. चॅम्पियनने कुणाचा समज खोडून काढला नाही.

हात कापल्याचं कळताच कोच घरी आला. कोच म्हणजे वहिनींचा सख्खा मोठा भाऊ. चॅम्पियन आतल्या खोलीत झोपला होता आणि वहिनी अजून ओट्याखालच्या काचा वेचत होत्या.

“दादा, तूच सांग ह्यांना. म्हणावं, आता जमणार नाही.”

“मी सांगू? आणि जिमचं काय करू? जिमच्या दारावर फोटो कुणाचा आहे?”

“ह्यांचा.”

“पोरं कुणाला बघून येतात?”

“ह्यांना. पण ह्यांना वाटतं आपण अजून पंचविशीतले आहोत. वाटणारच. जिममध्ये रोज चार-चार पोरांना लोळवतात म्हणे.”

कोचला एकाएकी जमिनीवरच्या कॉफीच्या डागात फार रस वाटू लागला. वहिनींनी केरसुणी खाली ठेवली.

“दादा, पोरं खरीच पडतात ना?”

“पडतात ना. चांगली पडतात.”

“चांगली म्हणजे?”

“म्हणजे नीट पडतात. उगाच कुणाला लागायला नको.” कोचने खोकून घेतलं. “हे बघ, माझ्यावर डोळे वटारू नकोस. हे तुझ्याकडूनच शिकलोय मी. एकदा सकाळी लवकर आलो होतो, तू पकड घेऊन बरणीशी झटत होतीस. मी म्हटलं, घरात चालतं तर जिममध्ये का नको?”

मग कोचने सगळंच ओकून टाकलं. जिममध्ये पडण्याची रीतसर पद्धत बसवलेली होती. आधी डावा गुडघा टेकायचा, मग उजवा हात, मग कानात माशी शिरल्यासारखं डोकं हलवायचं आणि पडून राहायचं. सुरुवातीला एक जण पडल्या पडल्या ताडकन उठला होता आणि चॅम्पियनला शंका आली होती. तेव्हापासून कडक नियम होता: कोच ‘ऊठ’ म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. जो वेडावाकडा पडे त्याला आठवडाभर रिंगमध्ये पाय ठेवता येत नसे.

“आणि शिडी?”

“त्याच्यासारखं पडणारा पुन्हा मिळायचा नाही,” कोच हळहळला. “नव्या पोरांना तोच शिकवायचा. रोज संध्याकाळी दोन वर्षं पडला बिचारा. मग एक दिवस म्हणाला, मी इथे उभं राहायला शिकायला आलो होतो. आणि गेला.”

वहिनींना भावाचा संताप आला, पण तो व्यक्त करायला जागा नव्हती, कारण पकड अजून ओट्यावरच पडली होती. शेवटी त्यांनी एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घेतली. दुसऱ्या आठवड्यात वार्ताहर जिममध्ये सराव बघायला येणार होता. त्या दिवशी पोरांनी खरं खेळायचं. चॅम्पियनने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, वार्ताहराने छापावं आणि सगळ्या गावाने एकदाच काय ते समजून घ्यावं.

“आणि नाही म्हटलं तर?” कोचने विचारलं.

“तर मी ह्यांना सगळं सांगते. झाकणांपासून.”

कोचने मान डोलावली.

ठरल्या दिवशी वार्ताहर वही-पेन घेऊन रिंगजवळ बसला. वहिनी दारापाशी उभ्या राहिल्या. चॅम्पियन उजवा हात पाठीशी बांधून, फक्त डाव्या हाताने सराव करणार होता. कोचने पोरांना एका रांगेत उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, “आज कुणी पडायचं नाही. खरं खेळायचं. समजलं?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पेपरवाला बसलेला असताना कोच मुद्दाम मोठ्याने असं सांगतोय, याचा अर्थ त्यांनी आपापल्या अकलेप्रमाणे लावला आणि सगळ्यांचा अर्थ एकच निघाला. त्या दिवशी ती जितकी देखणी पडली तितकी आजवर कधी पडली नव्हती. चॅम्पियनला डावा हात फिरवण्याआधी नाकातून ‘ह्हं’ असा आवाज काढायची सवय होती. एक पोरगा तर तो नुसता ‘ह्हं’ ऐकूनच आडवा झाला, हात मागाहून पोचला. कोच कपाळाला हात लावून प्रत्येकाला ‘ऊठ’, ‘ऊठ’ म्हणत राहिला.

“एका हातानं,” वार्ताहर लिहिता लिहिता पुटपुटला. “वहिनी, पाहिलंत? एका हातानं. आता बोला, काय वाटतं?”

वहिनींचा तोल गेला. “हरणार आहेत ते. लिहा. माझ्या नावानिशी लिहा. हे सगळं खोटं आहे, आणि ते हरणार आहेत.”

वार्ताहराने ‘हे सगळं खोटं आहे’ एवढं सोडून बाकीचं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पानभर मजकूर आला: चॅम्पियन एका हाताने तिघांना लोळवतो, दोन्ही हातांनी शिडीची काय गत होईल, चौथ्या राउंडच्या पुढे लढत जाणार नाही. खाली चौकटीत वहिनींचा फोटो होता, आणि फोटोखाली ‘नवरा हरणार : पत्नीचं भाकीत’.

चॅम्पियनने नाश्त्याच्या टेबलावर ती चौकट सावकाश वाचली. पेपरची नीट घडी घातली. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाला. मग पिशवीत कपडे भरले आणि लढत होईपर्यंत जिममध्येच राहायला निघून गेला. वहिनी मागोमाग दारापर्यंत गेल्या. त्या दिवसापासून घरात बरण्या उघडायला कुणी उरलं नाही, आणि वहिनींना बिनसाखरेची कॉफीही गोड लागली असती इतकं तोंड कडू होतं.

गावाने आपलं काम चोख केलं. किराणा दुकानदाराने सामान देताना त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इस्त्रीवाली बाई मात्र पाहत म्हणाली, “माझा नवरा कामाचा ना धामाचा. तरी पेपरात नाही सांगितलं मी कधी.” न्हाव्याच्या दुकानात वहिनींचा तो फोटो आरशाला चिकटवला आहे, असंही कानावर आलं. सगळ्या गावाला चॅम्पियनची काळजी होती. त्याच्या डोक्याचे फोटो पाहिलेले तिघेच, आणि त्यांतल्या डॉक्टरांना कुणी विचारत नव्हतं.

तेव्हा वहिनींनी जे केलं ते कुठल्याही चॅम्पियनच्या बायकोने आजवर केलं नसेल. त्या थेट शिडीला भेटायला गेल्या. शिडी दिवसा टायरच्या दुकानात काम करत असे. ट्रकचं एक टायर खांद्यावर घेऊन तो आत निघाला होता. वहिनींना पाहताच त्याने ते खाली ठेवलं आणि पुसायला फडकं शोधू लागला.

“वहिनी, तुम्ही इथे? बसा ना. नको, तिथे नका बसू, ग्रीस आहे.”

“मला एकच सांग. तू जिंकणार ना?”

शिडी गोंधळला. “रागावू नका वहिनी, पण हो. चॅम्पियनचा दम चार राउंडांतच संपतो. मला माहीत आहे ना.”

“रागावत नाही. जिंकच तू. पण त्यांच्या डोक्याला हात लावू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय. तुझ्यापुढे पदर...” त्या थांबल्या, कारण रडू येत होतं आणि दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. “गुणांवर जिंक. अलगद.”

“नाही लावणार,” शिडी म्हणाला. “फक्त बरगड्यांवर खेळतो. बरगड्या सांधतात. तुम्ही घरी जा निर्धास्त. दोन वर्षं त्यांच्यासमोर पडलोय वहिनी, आता नाही पडत.”

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी वहिनींना भूक लागली. नवऱ्याचा पराभव इतका पक्का ठरवून आल्यावर बायकोला भूक लागावी, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं.

लढतीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. शेवटी वार्ताहरच येऊन बसला. त्याला काय, त्याला चौकट मिळाली असती.

शिडी शब्दाला जागला. पहिल्या राउंडपासून तो बरगड्यांवर खेळत होता, तेही बेताने. चॅम्पियनचे ठोसे हवेत जात होते. चौथ्या राउंडमध्ये चॅम्पियनचा दम संपला, आणि वार्ताहराचं भाकीतही. पाचव्यात पंचांचा कौल उघड दिसू लागला. लोक ओरडायचे थांबले. वहिनींनी मनातल्या मनात घरी गेल्यावर काय काय करायचं ते ठरवायला घेतलं. घड्याळ नीट लावायचं. वजनकाटा नीट करायचा. ह्यांना आठ दिवस नुसतं झोपू द्यायचं.

सहाव्या राउंडमध्ये चॅम्पियनचे हात कमरेपर्यंत खाली आले होते. तो दोरीला टेकला, मान खाली घातली आणि सवयीने नाकातून ‘ह्हं’ असा आवाज काढला. मागोमाग डावा हात निघाला. तो हात शिडीच्या खांद्याला लागला, तोही खांद्यावरची धूळ झटकावी इतपत.

शिडीचा डावा गुडघा टेकला. मग उजवा हात टेकला. मग कानात माशी शिरल्यासारखं त्याने डोकं हलवलं आणि तो आडवा झाला.

सभागृहात छप्पर उडेल असा कल्ला उठला. पंच मोजू लागले. शिडी डोळे उघडे ठेवून पडला होता. आपण का पडलो ते त्याचं त्यालाही उमगलं नव्हतं, हे तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. त्याला काहीही लागलेलं नव्हतं. पण तो उठत नव्हता. मान वळवून तो समोरच्या कोपऱ्यात बघत होता, जिथे कोच उभा होता. तो वाट बघत होता.

कोचलाही ते समजलं. त्याने सवयीने तोंड उघडलं. मग आपण कुणाचे कोच आहोत, जिमच्या दारावर फोटो कुणाचा आहे, हे सगळं त्याला आठवलं असावं, कारण त्याने उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि टॉवेल चावला.

“ऊठ,” वहिनी खुर्चीवरून उभ्या राहून ओरडल्या. “अरे ऊठ ना. ऊठ रे.”

त्यांचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. शिडीलाही गेला असणार. पण दोन वर्षं त्याचे कान त्या एकाच आवाजाला लागलेले होते, आणि तो आवाज टॉवेल चावत होता. पंचांनी दहा म्हटलं. चॅम्पियनचा हात वर उचलला गेला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसासारखा नव्हता, पण त्याच्या चेहऱ्याकडे कोण बघतंय. वार्ताहराने मात्र वहिनींचं ओरडणं टिपून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की काळजीने व्याकूळ झालेल्या पत्नीला नक्की कोण पडलंय याचंही भान उरलं नव्हतं.

सकाळी चॅम्पियन पिशवी घेऊन घरी परतला. एक डोळा थोडा सुजला होता, तोही दोरीवर आपटल्याने. बरगड्यांमुळे तो वाकून चालत होता. वहिनींनी टेबलावर कॉफीची नवी बरणी ठेवली. हाताला सवय लागलेली, त्यांनी ती पहाटेच पकडीने सैल करून ठेवली होती.

“अहो, एवढं उघडून...”

चॅम्पियनने बरणी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

“सैल आहे,” तो म्हणाला. “नेहमीच असते. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. त्या झाकणांवर पकडीचे ओरखडे असतात.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुला बरं वाटत होतं. मीच उघडतोय असं बघून तुझा चेहरा कसा व्हायचा. मी आपला जोर लावल्यासारखं करायचो.”

“आणि जिममधली पोरं?”

“तीही पडतात. एवढं सुंदर कुणी मार खाऊन पडतं का? मला वाटलं, तुझ्या भावाला बरं वाटतं. जिम चालते. चालू द्या.” त्याने बरणी टेबलावर ठेवली. “त्या दिवशी ती बरणी घट्ट निघाली ना, तेव्हा मला वाटलं, तू थकलीस. आता तू मला खरं ते सांगतेयस. म्हणून जिवाच्या आकांतानं उघडायला बघत होतो. आणि पेपरात वाचलं तेव्हा पटलंच. तू पहिल्यांदा खरं बोललीस, आणि मला तुला तोंड दाखवायची लाज वाटली.”

“मग शिडीला...”

“मुद्दाम निवडला. म्हटलं, सगळ्या गावात हा एकच असा आहे, जो पडायला कंटाळून गेलाय. हा मला सरळ हरवेल. फार भिस्त होती माझी त्या पोरावर.”

वहिनी रडू लागल्या. हसूही येत होतं, पण ते रडण्याच्या आड राहिलं. “मग म्हणा ना, नाही लढत हातोड्याशी.”

“जिंकलेला माणूस हातोड्याला घाबरला, असं छापतील.” चॅम्पियनने मान हलवली. “ते नाही सहन व्हायचं मला. हरलेलं चालेल. पळालेलं नाही.”

“मग काल तुम्हीच का नाही पडलात?”

“पहिल्या राउंडपासून तेच बघत होतो,” तो म्हणाला. “गुडघा वाकतच नाही. आख्ख्या जिमला पडायला शिकवलंत तुम्ही भावाबहिणींनी. मलाच तेवढं कुणी शिकवलं नाही.”

पुढच्या आठवड्यापासून शिडी संध्याकाळी टायरच्या दुकानातून परस्पर चॅम्पियनच्या घरी येऊ लागला. त्याने पहिल्या दिवशी दारातच माफी मागितली, तर वहिनींनी त्याला आत ओढून सोफा भिंतीला लावायला सांगितला. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली आणि चॅम्पियनची शिकवणी सुरू झाली. हातोड्याने पहिला ठोसा उचलला की पडायचं, डोक्याला लागायच्या आत. शिडी मन लावून शिकवत होता. तेवढ्यापुरता तो जगातला सर्वांत चांगला कोच होता.

एका संध्याकाळी शिकवणी चालू असतानाच फोन वाजला.

“वहिनी, एकच प्रश्न,” वार्ताहर म्हणाला. “हातोड्यापुढे चॅम्पियनचं काय होणार? मागच्या वेळी तुमचं भाकीत चुकलं, म्हणून विचारतो.”

वहिनींनी खोलीत पाहिलं. चॅम्पियनने डावा गुडघा टेकला, उजवा हात टेकला, डोकंही छान हलवलं आणि सतरंजीवर आडवा झाला. इतके दिवस न जमलेलं आज जमलं होतं. चॅम्पियन छताकडे बघत पडून राहिला. मग हळूच कोपरावर आला आणि उभा राहिला.

“का उठलात?” शिडीने विचारलं.

“ऊठ म्हणालं ना कुणीतरी?”

“नाही. कुणीच नाही म्हणालं.”

“असं?” चॅम्पियनने कानामागे हात नेला. “मला ऐकू आलं. रोजच येतं. चल, परत करू.”

“वहिनी, आहात ना?” फोनमधून आवाज आला.

“आहे,” वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी दिव्यासमोर धरलेले ते फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे होते. “लिहून घ्या. ते पडले तरी उठणार. कितीही वेळा पाडलं तरी उठणार.”

“वा वहिनी,” वार्ताहर खूश होऊन म्हणाला. “आता कशा चॅम्पियनच्या बायकोसारख्या बोललात.”

दुसऱ्या दिवशी ते वाक्य ठळक अक्षरांत छापून आलं. न्हाव्याने आरशावर नवी चौकट चिकटवली, इस्त्रीवालीने कपडे फुकट करून दिले, आणि गावाने वहिनींना मोठ्या मनाने माफ करून टाकलं.